वहीतले आणि हातातले

आमच्या भंडाऱ्याकडे तांदळाला तोटा नाही. त्यामुळे दिवाळीला दुसरे काही होवो न होवो, अनारसे व्हायचेच. आजी गेली त्या वर्षी आईने वहीत उतरून ठेवलेली कृती पुढे ठेवून पीठ केले. तांदूळ तीन दिवस भिजवले, पाणी रोज बदलले, वाळवून कुटले, गूळ मिसळला. पहिला अनारसा तुपात सोडला, तो हसला. दुसरा हसला, तिसराही हसला. कढईत नुसता चुरा! अनारसे हसले आणि आई रडली. वहीत ‘वाळवावे’ एवढेच लिहिले होते. किती वाळवावे ते आजीच्या बोटांना ठाऊक होते, आणि ती बोटे आता नव्हती.

पुढे औषधांच्या एका कारखान्यात नव्या माणसांना काम शिकविण्यात माझे आयुष्य गेले. तेथे ती कढई मला पुष्कळदा आठवे. औषधांच्या घरातही असेच काहीतरी वहीत लिहायचे राहते, किंवा वहीतले हातात उतरत नाही. मात्र तेथे चुऱ्यावर भागत नाही, माणसे मरतात. तशीच एक जुनी हकिकत आज वाचकांना सांगावयाची आहे.

आजी सांगे, तिच्या लहानपणी गाठीच्या तापाची साथ आली की घरात उंदीर पडू लागत आणि लोक गाव सोडून रानात झोपड्या घालून राहत. ही साथ १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ओळखली. सरकारने वाल्डेमार हाफकिन यांना बोलावून घेतले. हे गृहस्थ मूळचे ओडेसाचे. पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले आणि पटकीची लस घेऊन हिंदुस्थानात आलेले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांनी प्लेगची लस सिद्ध केली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. १८९९ मध्ये त्यांची प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात गेली. तेथून बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

१९०२ साली पंजाबात साथीने कहर केला आणि लसीची मागणी अतोनात वाढली. ३० ऑक्टोबरला मुलकोवाल नावाच्या खेड्यात १०७ जणांना टोचण्यात आले. त्यासाठी पाच बाटल्या फोडल्या होत्या. आठवड्याभराने त्यांतल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते एकोणीसही दगावले. त्या सर्वांना एकाच बाटलीतली लस टोचली होती. तिचा क्रमांक होता ५३-एन.

सगळा ठपका परळवर आला. हाफकिन यांनी लस करण्याची रीत बदलली होती. कार्बोलिक आम्ल घालणे सोडून ते केवळ उष्णतेवर विसंबले होते. चौकशीसाठी नेमलेल्या समितीत मुंबईचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स होते. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे परळलाच, दूषित झाली असावी असे समितीचे मत पडले. ज्या माणसाने लाखोंसाठी लस केली तो कामावरून दूर झाला आणि मानहानी सोसून देश सोडून गेला.

परंतु कागद बोलत होते. बाटली केव्हा भरली, कोणाला कोणती टोचली, फोडताना काय घडले, याच्या नोंदी आणि साक्षी होत्या. बूच काढण्याचा चिमटा मदतनिसाच्या हातून जमिनीवर पडला होता, आणि रीतसर निर्जंतुक न करताच तो पुन्हा वापरला गेला होता. धनुर्वाताचे जंतू तर मातीत घर करूनच असतात! शिवाय उघडतेवेळी लसीला दुर्गंध नव्हता. ते जंतू बाटलीत आठवडेच्या आठवडे वाढत राहिले असते, तर घाण सुटल्यावाचून राहती ना. लंडनच्या लिस्टर संस्थेने पुरावा पुन्हा तपासला. १९०७ मध्ये हिवतापाच्या संशोधनाबद्दल नोबेल मिळविलेले रोनाल्ड रॉस आणि इतर नामांकित शास्त्रज्ञ ‘टाइम्स’मधून हाफकिनांच्या बाजूने उभे राहिले. कलंक धुतला गेला. पण उमेदीची पाच वर्षे वाया गेली. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले, आणि १९३० मध्ये लोझान येथे ते वारले.

बाटलीवर क्रमांक नसता तर १०७ जणांपैकी हेच एकोणीस का, हे कधी कळले नसते, आणि हाफकिनही सुटले नसते. आज घरातल्या गोळ्यांची कोणतीही पट्टी उलटून पाहा, तिच्यावर बॅचचा क्रमांक दिसेल. तो छापील आकडा अशाच मरणांनी शिकविलेला आहे. परंतु क्रमांक दोष शोधून देतो, टाळीत नाही. टाळायचा तो हाताने. चिमटा का जाळायचा हे मनात भिनले नसेल, तर घाईत पहिली काट नियमालाच बसते.

मुंबईने हे पुन्हा एकदा अनुभवले. ग्रँट कॉलेजशेजारच्याच जे. जे. रुग्णालयात १९८६ साली भेसळीच्या ग्लिसरीनने १४ रोगी मेले. त्यात कारखान्यांत वापरायचे विषारी डायएथिलीन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन यांच्या आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची ढिलाई चव्हाट्यावर मांडली. औषधे कशी करावीत याचे कलम, अनुसूची ‘एम’, १९८८ मध्ये आले आणि २०२३ च्या अखेरीस नव्याने घडविले गेले. लेखी कृती, माणसांचे शिक्षण आणि प्रत्येक पायरीची नोंद, या तिन्ही गोष्टी त्यात बंधनकारक आहेत.

पण कलमाचीही अनारशाच्या वहीसारखीच गत होते. मी शिकविलेल्या सर्वांच्या ‘वाचले, समजले’ अशा सह्या माझ्यापाशी होत्या. एकदा एका कष्टाळू पोराला विचारले, “बाबा रे, आधीचे औषध संपले की यंत्र एवढे का धुवायचे?” तो अदबीने म्हणाला, “साहेब, नंतर सही करायची असते म्हणून.” दोष त्याचा नव्हता. मी त्याला सही शिकविली होती.

आणि आमच्या भंडाऱ्याला ही गोष्ट परकी राहिलेली नाही. ९ जानेवारी २०२१ च्या रात्री जिल्हा रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली. सात बाळे वाचली, दहा गेली. राज्यभरातील रुग्णालयांच्या अग्निसुरक्षेची तपासणी करण्याचे हुकूम त्यानंतर निघाले. त्या दहा घरांत दिवाळीला पणती लावताना काय वाटत असेल, ते लिहिण्याचे बळ माझ्या लेखणीत नाही. हुकूम निघाले ते चांगलेच झाले. परंतु धूर दिसताच कोणी कोठे धावायचे, हे रात्रपाळीच्या प्रत्येकाला डोळे मिटून आले पाहिजे. ते दाखवून, करवून घेऊन आणि पुन्हा पुन्हा विचारूनच येते.

आईने पुढल्या वर्षी शेजारच्या म्हाताऱ्या काकूंना बोलावले. त्यांच्याजवळ बसून तांदूळ सावलीत पसरले, घटकाघटकाने चाचपले, आणि वहीत एक ओळ वाढविली: ‘मुठीत धरता गार लागावे, हात ओला होऊ नये.’ मग तिने मला हाक मारली आणि माझा हात धरून त्या तांदळात घातला.

“कळलं?” तिने विचारले.

“कळलं,” मी म्हणालो.

“मग उद्या तू सांग मला, झाले की नाही ते.”