वारभक्षण
प्रसूतीनंतर पडलेली वार (अपरा) बाळंतिणीने खाणे. बहुतेक सस्तन माद्या वार खातात. माणसांत ही रूढी जवळपास नाहीच. महाराष्ट्रात वार पुरत. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेत वार खाण्याचा प्रकार सुरू झाला. वार वाफवून, वाळवून, तिची पूड कॅप्सूलमध्ये भरतात. लोह वाढते, मन खचत नाही, हे दावे छोट्या चाचण्यांत टिकले नाहीत. खचलेल्या बाळंतिणीला यावर विसंबून ठेवणे घातकच. २०१७ मध्ये ओरेगनमधील एका तान्ह्याला पुन्हा झालेल्या जंतुसंसर्गाचा संबंध आईने घेतलेल्या अशा कॅप्सूलशी जोडला गेला. रुग्णालयात पडलेली वार २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार पिवळ्या पिशवीत जाते.