मुदत खरेदी आणि सुप्याचे रोखे

१२ मे १८७५, पुणे जिल्ह्यातले सुपे, बाजाराचा दिवस. कुणब्यांनी मारवाडी आणि गुजर सावकारांची दुकाने फोडली. त्यांना हवे होते मुख्यतः कागद! कर्जरोखे आणि चोपड्या रस्त्यावर आणून जाळल्या. त्या काळच्या सावकारांत आपले जैनही होते, म्हणून ही गोष्ट आपणच सांगायला हवी.

कागदांवर एवढा राग का? १८५९ च्या कायद्याने रोख्यावरचा दावा तीन वर्षांतच करायचा ठरले. हेतू ऋणकोच्या भल्याचा. घडले उलटे. दर तीन वर्षांनी व्याज मुद्दलात मिळवून नवा रोखा, खाली निरक्षर शेतकऱ्याची निशाणी. जमिनीसाठी मुदत खरेदीखत असे. दिसायला विक्री, खरे तर गहाण. मुदतीत पैसे फिटले नाहीत की विक्री पक्की. ‘व्यवहारच तो’ म्हणून मला हे सोडवत नाही. तत्त्वार्थसूत्रात सत्याणुव्रताच्या अतिचारांत कूटलेखक्रिया, म्हणजे खोटा लेख, आहेच की!

१८७९ मध्ये दख्खन शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कागदावर काहीही असो, मुळात रक्कम किती दिली हे न्यायालय तपासू लागले.

मालमत्ता हस्तांतरण कायद्यात १९२९ साली दुरुस्ती झाली. जमीन परत देण्याची अट त्याच खरेदीखतात लिहिलेली नसेल, तर ते गहाण धरले जात नाही. वेगळ्या चिठ्ठीवर लिहून घेतलेले ‘परत देऊ’ त्याला पुरत नाही.