पळसदेवचा किनारा

समुद्र इतका लांब, मग बारामती-इंदापूरला किनारा कुठला? पहिला आला तो कालव्याचा. १८७६-७७च्या दुष्काळानंतर इंग्रज सरकारनं नीरा डावा कालवा काढला. त्यावर ऊस पिकला, आणि निचरा नसलेली रानं खारवटलीसुद्धा!

दुसरा किनारा उजनीचा. भीमेवरचं हे धरण सोलापूर जिल्ह्यात, १९८० साली पूर्ण झालं. फुगवट्याचं पाणी मात्र इंदापूरच्या गावांत शिरलं. जुनं पळसदेव त्यातच गेलं. उन्हाळ्यात पाणी उतरलं की पळसनाथाचं मंदिर उघडं पडतं, आपण हौसेनं फोटो काढतो. भोवती घरं होती, शेतं होती, ती काही फोटोत येत नाहीत.

आज आपण भिगवण, कुंभारगावला रोहित पक्षी बघायला जातो आणि जेवायला चिलापी मागतो. चिलापी मूळची आफ्रिकेतली, बरं का. गावचे मासे तिच्यापुढे मागे पडले. शिवाय पुण्याचं सांडपाणी मुळा-मुठेतून भीमेत आणि भीमेतून इथंच येतं. पाणी हिरवं पडलं की पहिली झळ बसते ती जाळं टाकणाऱ्यांना. पक्षी उडून जाऊ शकतात.