हृदयाला कापराची सुई

जुलै 1904. जर्मनीतल्या बाडेनवायलर गावच्या एका हॉटेलात मध्यरात्र उलटून गेल्यावर डॉक्टरांना बोलावणं गेलं. क्षयानं पोखरलेले रशियन लेखक आंतोन चेखव श्वासासाठी तडफडत होते. डॉक्टरांनी कापराची सुई टोचली आणि मग शॅम्पेन मागवली, अशी आठवण चेखवच्या पत्नी ओल्गा क्निपर यांनी लिहून ठेवली आहे. शॅम्पेनचा तो पेला साहित्याच्या इतिहासात अजरामर झाला. सुईची आठवण फारशी कुणी काढत नाही, कारण त्या काळी ती इतकी रोजची होती.

रोग्याची नाडी क्षीण झाली, हातपाय गार पडले, की तेलात विरघळवलेला कापूर कातडीखाली टोचायचा, हा युरोपातल्या डॉक्टरांचा शिरस्ता होता. न्यूमोनिया असो की टायफॉइड, कापूर हृदयाला उभारी देतो असं सगळेच धरून चालत.

या भरवशाच्या मुळाशी एक जुना वाद होता. कापूर उष्ण की थंड? अरब वैद्यांनी त्याला थंड ठरवलं होतं, पण काडी लावताच भडकणारा पदार्थ थंड कसा, हा प्रश्न काही सुटत नव्हता. गोव्यात राहिलेला पोर्तुगीज वैद्य गार्सिया द ओर्ता यानं 1563 मध्ये तिथेच छापलेल्या आपल्या संवादग्रंथात कापराला स्वतंत्र प्रकरण दिलं आणि बोर्निओचा व चीनचा असे दोन कापूर वेगळे सांगितले. बोर्निओ-सुमात्राकडचा म्हणजे आपला भीमसेनी. तो झाडाच्या गाभ्यातल्या भेगांतून खरवडून काढत. चिनी कापूर निघे तो लाकडाच्या ढलप्या वाफवून. त्या वाफेतून उतरलेलं तेल निवलं, की त्यात पांढरे खडे धरत.

वाद घालण्यापेक्षा स्वतःच खाऊन बघावं, हे धाडस केलं एडिंबराच्या विल्यम अलेक्झांडर या शल्यवैद्यानं. त्याचा वृत्तांत 1767 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात आला. थोड्या मात्रेनं विशेष काही झालं नाही. मग त्यानं दोन स्क्रुपल, म्हणजे अडीच ग्रॅमच्या आसपास, कापूर गिळला. आधी ग्लानी आली, मग डोकं भ्रमलं आणि शेवटी झटके आले. जीव वाचला हे नशीब. हृदयाला बळ देणारं हे औषध मात्रा जरा चढली की मेंदूवर घाला घालतं, हे तेव्हाच कळून चुकलं होतं. तरी पुढची दीडशे वर्षं कापूर औषधपेटीतून हटला नाही.

तो हटला मोजमाप आल्यावर. 1896 मध्ये इटलीच्या रिवा-रोच्ची यांनी दंडाला बांधायची फुगती पट्टी आणली आणि 1905 मध्ये रशियाच्या कोरोत्कोव्ह यांनी स्टेथोस्कोपनं ठोके ऐकून रक्तदाब मोजण्याची रीत दाखवली. नाडीवरच्या बोटाला जे ‘सुधारलं’ वाटे, ते आता पाऱ्याच्या नळीवर तपासता येऊ लागलं. कापराचा परिणाम कधी दिसे, कधी नाही. 1920 च्या दशकात कार्डियाझोल, कोरामिन ही कृत्रिम औषधं आली आणि कापराची सुई मागे पडली. 1934 मध्ये बुडापेस्टचे डॉक्टर मेदुना यांनी तीच सुई मनोरुग्णांना दिली, पण झटके यावेत म्हणून! अलेक्झांडरला जे भोगावं लागलं, तेच इथे उपचार ठरलं.

उष्ण-थंडाच्या वादाचं उत्तर मज्जातंतूंपाशी सापडलं. गारवा टिपणाऱ्या आणि ऊब टिपणाऱ्या, दोन्ही प्रकारच्या संवेदकांना कापूर डिवचतो, म्हणून तो गारही वाटतो आणि गरमही. नाकात झणझणलं की माणूस खोल श्वास घेतो, तरतरीत होतो. या तरतरीलाच डॉक्टरांच्या कित्येक पिढ्या हृदयाची ताकद समजत आल्या, असंच म्हणावं लागतं. उभं राहताच रक्तदाब घसरणाऱ्यांसाठी जर्मनीत कापूर आणि हॉथॉर्न या झुडपाच्या फळांच्या अर्काचे थेंब आजही मिळतात. त्यांवर चाचण्या झाल्या आहेत आणि मात्रा थेंबांत मोजलेली असते.

2021 च्या कोरोना लाटेत कापूर, ओवा, लवंगांची पुरचुंडी हुंगल्यानं ऑक्सिजन वाढतो, असे निरोप मोबाइलवर फिरले आणि लोकांनी घाबऱ्या जिवानं तशा पुरचुंड्या बांधल्या. वास्तविक कार्डिफमधल्या संशोधकांनी 1983 मध्येच दाखवलं होतं, की कापराच्या वाफेनं नाक मोकळं झाल्यासारखं वाटतं, पण नाकातून हवा जाण्यातला अडथळा तेवढाच राहतो. तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर कापूर धोक्याचाच आहे. पोटात गेलेल्या थोड्या कापरानंही लहान मुलांना झटके येतात; अशा विषबाधांमुळेच अमेरिकेनं 1980 च्या दशकात कापराच्या तेलाची विक्री बंद केली आणि मलमांतलं कापराचं प्रमाण 11 टक्क्यांवर बांधून टाकलं.