काडतूस, तबकडी आणि कुलूप : खेळयंत्रांच्या साठवण-माध्यमांचा इतिहास

दूरचित्रवाणी-संचाला जोडून खेळावयाच्या ज्या यंत्राला आज सर्वत्र 'कन्सोल' म्हणतात, त्याचा इतिहास जेमतेम अर्धशतकाचा आहे. तो सांगताना बहुधा यंत्राच्या वाढत्या शक्तीचा आलेख मांडला जातो : चित्रे कशी रेखीव झाली, स्मृती किती पटींनी वाढली, कोणत्या कंपनीने कोणावर मात केली. प्रस्तुत लेखात थोडा निराळा प्रश्न विचारावयाचा आहे. खेळ ज्या वस्तूत साठविला जातो ती वस्तू वेळोवेळी का बदलली, आणि प्रत्येक बदलाबरोबर तिच्यावरील ताबा कोणाकडे गेला? लेखकाचे प्रतिपादन असे की, माध्यमाची निवड त्याची धारणशक्ती आणि किंमत यांवरून जितकी झाली, तितकीच त्याच्या कुलपाची किल्ली कोणाच्या हाती राहावी या विचारानेही झाली.

आरंभी शब्दाविषयी थोडेसे. इंग्रजीतील 'कार्ट्रिज' आणि पोर्तुगीजांकडून मराठीत आलेले 'काडतूस' हे शब्द एकाच युरोपीय कुळातील होत. त्यांच्या मुळाशी 'कागद' या अर्थाचा शब्द आहे; कागदाच्या गुंडाळीत भरलेली दारू ते काडतूस. खेळयंत्राच्या संदर्भात मात्र महाराष्ट्रातील मुलांनी हा शब्द स्वीकारला नाही. ती त्या वस्तूला 'कॅसेट' म्हणत. आणि जपानमध्येही तिला 'कासेत्तो' असेच म्हणत. या लेखात 'काडतूस' हा शब्द योजिला आहे, कारण आत काय भरले आहे हाच येथे मुख्य प्रश्न आहे.

१

१९७२ साली अमेरिकेत आलेल्या मॅग्नाव्हॉक्स कंपनीच्या 'ओडिसी' या यंत्रात खेळ साठविण्याची सोय अशी नव्हतीच. त्यात घालावयाची कार्डे केवळ आतील विद्युत-जोडण्या बदलीत. खेळ यंत्राच्या घडणीतच असे. तो यंत्रापासून खऱ्या अर्थाने विलग झाला १९७६ साली, फेअरचाइल्ड कंपनीच्या 'चॅनेल एफ' या यंत्रात. जेरी लॉसन या अभियंत्याच्या नेतृत्वाखाली सिद्ध झालेल्या या यंत्रात खेळाची आज्ञावली काडतुसातील रॉम चिपवर असे. पुढील वर्षी अटारीने आपले 'व्हीसीएस' बाजारात आणले. त्याची स्वतःची स्मृती अवघी १२८ बाइट होती आणि काडतुसासाठी एका वेळी ४ किलोबाइट एवढाच अवकाश होता.

यंत्र आणि खेळ यांच्या या विलगतेतून या धंद्याचे मूलभूत गणित जन्मास आले. यंत्र अल्प नफ्यावर विकावे आणि मिळकत खेळांवर करावी, असे ते गणित होय. तथापि त्यात एक उणीव होती. काडतुसाच्या खाचेला कुलूप नव्हते. अटारी आपल्या खेळांवर कर्त्याचे नाव छापीत नसे. या व मोबदल्याच्या प्रश्नावरून नाराज झालेले चार आज्ञावलीकार बाहेर पडले आणि १९७९ साली 'ॲक्टिव्हिजन' ही कंपनी निघाली. तिने अटारीच्याच यंत्रासाठी खेळ विकण्यास आरंभ केला. अटारीने दावा लावला. १९८२ साली तडजोड झाली आणि अन्य कंपन्यांनाही खेळ काढण्याची वाट मोकळी झाली. त्यानंतर जो तो काडतुसे काढू लागला. दुकाने निकृष्ट खेळांनी भरली, भाव कोसळले आणि १९८३ साली अमेरिकेतील हा बाजार ढासळला. त्या वर्षी अटारीने न्यू मेक्सिकोतील अलामोगोर्डो येथे न खपलेला माल जमिनीत पुरला; २०१४ साली उत्खननात तो पुन्हा हाती लागला. बाजार कोसळण्याची कारणे अनेक होती, घरगुती संगणकांची स्पर्धा हेही त्यांपैकीच एक. परंतु उद्योगाने त्यातून धडा घेतला तो एकच : खाच उघडी ठेवू नये.

२

जपानच्या निन्टेंडो कंपनीचे 'फॅमिकॉम' हे यंत्र जुलै १९८३ मध्ये जपानात आले, तेव्हा त्यातही कुलूप नव्हते. मात्र हेच यंत्र १९८५ साली 'एनईएस' या नावाने अमेरिकेत गेले, तेव्हा त्यात एक नवी चिप बसविलेली होती. तशीच चिप प्रत्येक अधिकृत काडतुसात असे. दोहोंचा परस्परांशी संकेत जुळला तरच यंत्र चाले. एरवी ते पुनःपुन्हा आरंभाकडे जाई. या चिपच्या बळावर निन्टेंडोने ज्या अटी लादल्या त्या ध्यानात घेण्याजोग्या आहेत. काडतुसे निन्टेंडोच बनवून देणार. त्यांची किंमत प्रकाशकाने आगाऊ भरावयाची. वर्षाला पाचच खेळ काढावयाचे. आणि तोच खेळ दोन वर्षे अन्य यंत्रावर द्यावयाचा नाही. न खपलेल्या मालाचा धोका सर्वस्वी प्रकाशकाचा. अटारी गेम्सच्या 'टेंगेन' या शाखेने हे कुलूप उघडण्याचा प्रयत्न केला; परंतु त्यासाठी कॉपीराइट कार्यालयातून आज्ञावलीची प्रत खोट्या सबबीवर मिळविल्यामुळे १९९२ साली न्यायालयात तिची बाजू लंगडी पडली. त्याच वर्षी सेगा आणि अॅकोलेड यांच्या खटल्यात मात्र, स्वतःचे खेळ चालावेत यासाठी यंत्राची आज्ञावली उलगडून अभ्यासणे हा रास्त वापर होय, असा निर्णय झाला.

कुलूप नसलेल्या मूळ फॅमिकॉमचे काय झाले? तैवान व चीन येथे त्याच्या असंख्य नकला निघाल्या, आणि भारतात १९९० नंतरच्या दशकात मध्यमवर्गीय घरांत पोचलेली यंत्रे बहुतांशी याच वंशाची होती. त्यांच्या कॅसेटवर '९९९९ खेळ' असे छापलेले असे, आणि आत मोजक्याच खेळांची पुनरावृत्ती निघे. या नकला बेकायदा होत्या यात शंका नाही. तथापि आपल्याकडील एका पिढीची या माध्यमाशी ओळख अधिकृत व्यापारामुळे झाली नाही, ती एका उघड्या राहिलेल्या खाचेमुळे झाली, ही ऐतिहासिक वस्तुस्थिती नोंदविणे अवश्य आहे.

३

यापुढील पर्व तबकडीचे. १९८८ च्या करारानुसार सोनी कंपनी निन्टेंडोच्या यंत्रासाठी सीडी वाचणारे उपकरण तयार करीत होती. त्या करारान्वये सीडीवरील खेळांचे नियंत्रण सोनीकडे जाणार होते. हे मान्य नसल्यामुळे जून १९९१ मध्ये, सोनीने आपल्या यंत्राची घोषणा केल्याच्या दुसऱ्याच दिवशी, निन्टेंडोने फिलिप्सशी सहकार्य जाहीर केले. भांडण तंत्राचे नव्हते, किल्लीचे होते. दुखावलेल्या सोनीने डिसेंबर १९९४ मध्ये स्वतःचे 'प्लेस्टेशन' बाजारात आणले.

निन्टेंडोने १९९६ च्या 'निन्टेंडो ६४' साठी काडतूसच कायम ठेवले. तिचा युक्तिवाद अगदीच पोकळ नव्हता. काडतुसातील खेळ तत्काळ सुरू होई, सीडीसाठी ताटकळावे लागे. शिवाय काडतुसाची नक्कल करणे अवघड होते. परंतु सीडीवर सुमारे ६५० मेगाबाइट मावत, तर काडतुसात अधिकात अधिक ६४. आणि सीडी छापणे कितीतरी स्वस्त व जलद होते. प्रकाशक सोनीकडे वळले. निन्टेंडोशी जुना संबंध असलेल्या स्क्वेअर कंपनीचा 'फायनल फँटसी ७' हा खेळ १९९७ साली तीन सीडींवर प्लेस्टेशनसाठी निघाला. अखेरीस प्लेस्टेशन दहा कोटींवर खपले. निन्टेंडो ६४ सुमारे ३ कोटी ३० लाखांवर थांबले. येथे धारणशक्ती आणि किंमत यांचा विजय झाला हे खरे. पण सीडी म्हणजे मुक्त माध्यम नव्हे. प्लेस्टेशनच्या तबकडीवर साध्या यंत्राने नक्कल करता न येणारी खूण कोरलेली असे, आणि ती प्रदेशागणिक निराळी असे. कुलूप चिपमधून तबकडीत गेले, इतकेच.

४

या सर्व काळात एक गोष्ट अबाधित होती. विकत घेतलेली वस्तू ग्राहकाच्या फडताळात राही. ती तो मित्राला देई, विकी, मुलांसाठी जपून ठेवी. हा हक्क २०१३ साली प्रथमच उघडपणे पणाला लागला. मायक्रोसॉफ्टने 'एक्सबॉक्स वन' या यंत्राने दर चोवीस तासांनी इंटरनेटवर हजेरी द्यावी अशी योजना जाहीर केली. वापरलेल्या खेळांच्या विक्रीवरही बंधने येणार होती. टीकेचा असा भडिमार झाला की, जून महिन्यातच ती मागे घ्यावी लागली. परंतु जे हुकमाने साधले नाही ते सोयीने साधले. खेळ घरबसल्या उतरवून घेण्याची पद्धत रूढ झाली, आणि मार्च २०२३ मध्ये निन्टेंडोने थ्रीडीएस आणि वी यू या यंत्रांवरील विक्री बंद केली, तेव्हा केवळ तेथेच मिळणारे अनेक खेळ विकत घेण्याचा मार्गच उरला नाही. जून २०२५ मध्ये आलेल्या 'स्विच २' साठी काही खेळ अशा काडतुसात विकले जातात की ज्यात खेळ नसतोच. खेळ दूरच्या सर्व्हरवरून उतरवावयाचा. काडतूस केवळ किल्ली. दारू नसलेले काडतूस, असेच त्याचे वर्णन करावे लागेल.

कंपन्यांची बाजू न मांडणे अन्यायाचे होईल. नकलांमुळे खेळकर्त्यांचे नुकसान होते, आणि अल्प नफ्यावर विकलेल्या यंत्राचा खर्च कोठून तरी भरून यावयास हवा. कुलूप असू नये असे येथे म्हणावयाचे नाही. प्रश्न आहे तो कुलूपवाला दुकान बंद करून गेल्यानंतरचा.

हा प्रश्न आपल्या विद्याशाखेशीही निगडित आहे. पोथ्यांच्या संपादनात पाठभेद तपासता येतात, कारण निरनिराळ्या प्रती निरनिराळ्या हातांत टिकून राहिल्या. काडतुसातील वा तबकडीवरील खेळ ही अशीच एक प्रत आहे. तिच्यात प्रकाशनाच्या दिवशीचा पाठ जसाच्या तसा राहतो. सर्व्हरवरील खेळ वारंवार दुरुस्त होतो, आणि जुन्या पाठावर नवा पाठ लिहिला जातो. अमेरिकेतील व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ साली दाखवून दिले की, तेथे २०१० पूर्वी प्रसिद्ध झालेल्या खेळांपैकी ८७ टक्के आज व्यापारात उपलब्ध नाहीत. पुढच्याच वर्षी, संशोधकांना जतन केलेले खेळ ग्रंथालयाबाहेरून अभ्यासता यावेत ही मागणी तेथील कॉपीराइट कार्यालयाने नाकारली.

खेळ हा क्षुल्लक विषय आहे, त्याच्या संहितेची चिंता कशाला, असे कोणी म्हणेल. एके काळी लावणी व बखर यांच्याविषयीही विद्वान असेच म्हणत असत. त्या संहिता वाचल्या, कारण त्या कोणाच्या तरी घरात पडून होत्या. खेळांच्या बाबतीत ते घरच नाहीसे होत आहे. ज्यांच्या माळ्यावर जुन्या कॅसेट असतील, त्यांनी त्या रद्दीत देण्यापूर्वी एवढा विचार अवश्य करावा.