चांदीत न सापडणारा पुरावा : गार्सिया द ऑर्ता आणि निजामशाही अहमदनगर

१/ बाहेरून पाहिले तर शोभेचे चांदीचे पात्र. जोड फिरवून सुटे केले की आतून निघतात दिव्याची बैठक, द्राक्षरसाचा पेला, सुगंधी मसाल्याची डबी. ज्यू विधींची अशी हस्तनिर्मित पात्रे आजही घडवली जातात; ‘स्पेन-पोर्तुगालचे गुप्त ज्यू हीच वापरत’ अशी कथाही त्यांच्यासोबत येते. ती कितपत खरी? उत्तराची वाट अहमदनगरच्या दरबारातून जाते.

२/ १४९२ मध्ये स्पेनने ज्यूंना हद्दपार केले. अनेकजण पोर्तुगालात आले. तेथे १४९७ मध्ये त्यांचे सक्तीने धर्मांतर झाले. अशाच एका ‘नव्या ख्रिस्ती’ कुटुंबात १५०१ च्या सुमारास गार्सिया द ऑर्ता जन्मला. तो वैद्य झाला आणि १५३४ मध्ये गोव्यात उतरला.

३/ अहमदनगरचा सुलतान पहिला बुऱ्हाण निजामशहा त्याचा रुग्ण होता आणि स्नेहीही. शाह ताहिरच्या प्रभावाने याच बुऱ्हाणने शिया पंथ उघडपणे स्वीकारला होता. आपली श्रद्धा बदलून तसे जाहीर करणाऱ्या राजाच्या दरबारी, स्वतःची श्रद्धा कोठेही न उच्चारणारा हा वैद्य ये-जा करीत होता.

४/ १५६३ मध्ये गोव्यात त्याचा संवादरूपी ग्रंथ छापला गेला. हिंग, आंबा, नारळ, पटकी अशा कित्येक विषयांवर त्यात चर्चा आहे. पानोपानी बोलणारा लेखक मात्र ख्रिस्तीच आहे. का, हे उघड आहे : तीनच वर्षांपूर्वी, १५६० मध्ये, गोव्यात इन्क्विझिशन स्थापन झाले होते.

५/ १५६८ मध्ये ऑर्ता वारला. पाठोपाठ बहीण कातारिना पकडली गेली. १५६९ मध्ये तिला जिवंत जाळण्यात आले. १५८० मध्ये त्याच्या अस्थी उकरून त्याही जाळल्या. नातेवाइकांच्या जबाबांनुसार तो मोशेचा धर्मच खरा मानीत असे.

६/ या लोकांना ओळखत कसे? पोर्तुगालमधील १५३६ च्या जाहीरनाम्यात खुणाच दिल्या होत्या : शुक्रवारी घर झाडणे, दिव्यांत नव्या वाती घालून ते लवकर लावणे, शनिवारी धुतलेले कपडे घालणे. यादीतील या खुणा घरातल्या नित्याच्या सवयी आहेत. अशा सवयीवर पाळत ठेवणारा शेजारी किंवा नोकर हाच साक्षीदार.

७/ आता ते चांदीचे पात्र आठवा. ते घडवायला सोनार लागतो, म्हणजे आणखी एक साक्षीदार. अटकेनंतर घरातील वस्तूंची मोजदाद होई. चोरकप्प्याचे पात्र हाती लागले की तोच पुरावा. जीव वाचवायचा असेल तर माणूस धर्म वस्तूत ठेवणार नाही. स्मरणात आणि वातीसारख्या क्षुल्लक गोष्टीत ठेवील.

८/ याउलट कोकण पाहा. निजामशाहीचे बंदर असलेल्या चौलपासून अलिबागपर्यंतच्या टापूत बेने इस्रायल पिढ्यान्‌पिढ्या तेलाचे घाणे चालवीत. शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नावच ठेवले ‘शनिवार तेली’. गोव्यात जी सवय माणसाला चितेपर्यंत नेऊ शकत होती, तीच येथे जातीचे नाव झाली.

९/ त्यांच्या दारचौकटीवर आजही मेझुझा असतो : लाकडाची, धातूची वा चांदीची छोटी डबी आणि आत हस्तलिखित चर्मपत्राची गुंडाळी. मजकूर दिसत नाही, पण डबी येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. येथे वस्तू झाकलेली आहे, लपवलेली नाही. चांदीवर कोरीव काम करून ती दारावर लावणे ही निर्धास्त समाजाची चैन आहे.

१०/ ऑर्ताची श्रद्धा आपल्याला कळते ती त्याच्या छळकर्त्यांच्या दप्तरातून. गोव्याच्या दप्तराचा बहुतेक भाग नष्ट झाला. लिस्बनमध्ये काही धागे उरले. धाकाखाली दिलेले ते जबाब जपून वाचावे लागतात, पण त्यांच्यावाचून हाती काहीच राहत नाही.

११/ पणजीत आज गार्सिया द ऑर्ताच्या नावाची बाग आहे. अस्थी मात्र कोठेच नाहीत. पुढच्या वेळी एखादे ‘गुप्त’ चांदीचे पात्र पाहाल, तेव्हा कारागिरीला दाद अवश्य द्या. मात्र एक प्रश्नही विचारा : ज्यांना खरोखर लपावे लागले, त्यांना हे घरात ठेवणे परवडले असते का?