बोयाचे आयुष्य

दिल्लीला समुद्र नाही. तरी समुद्रावर तरंगणाऱ्या बोयाशी तिचा संबंध जुना आहे. १९२७ च्या दीपगृह-कायद्याने ‘दीपगृह’ या संज्ञेतच बोयाचा अंतर्भाव केला. त्या खात्याचे मुख्यालय आज दिल्लीलगत नोएडात आहे. तो बोया नावाड्याला केवळ वाट दाखवी. १९९६ साली चेन्नईच्या राष्ट्रीय समुद्र तंत्रज्ञान संस्थेने हाती घेतलेल्या योजनेतील बोये वारा, लाटा व पाण्याचे तापमान मोजून उपग्रहाद्वारे कळवितात. गंज, शिंपले आणि वादळ यांना पुरून उरेल असा बोया अभियंते घडवितात. परंतु त्याच्याखाली मासे जमतात. मासेमारी नौका त्यालाच दोर बांधतात आणि उपकरणे मोडतात. वादळाची वर्दी तर त्याच कोळ्यांसाठी असते! बोया पोलादाइतकाच किनाऱ्यावरील माणसांच्या आपुलकीने टिकतो.